शमीमच्या वाट्याचा वारा

"वहिनी, आजच्या दिवस यंत्र बंद ठेवाल?" शमीम दारातच उभी राहिली. "लेक बाळंत होऊन आलीय. बाळाला नुसतं ओल्या फडक्यानं पुसतोय."

आटपाडीतल्या विहिरी कधीच आटल्या होत्या. आता घरोघरी छतावरची यंत्रं हवेतली ओल शोषून टाकी भरत. वारा पश्चिमेचा. तो आधी रुक्मिणच्या छतावरून जाई, आणि पलीकडे शमीमकडे कोरडाच पोचे.

"आमच्या टाकीतलं ने की," रुक्मिण म्हणाली. अंथरुणाला खिळलेली सासू गेल्यापासून तिच्याकडे पाणी उरत होतं. हातही रिकामे होते. रडू मात्र येत नव्हतं.

"मागून किती दिवस नेऊ? माझ्या यंत्राला वारा मिळू दे."

रुक्मिणनं वर जाऊन बटण बंद केलं.

"अगं, असं कुणी कुणासाठी बंद ठेवतं का?" नवरा वैतागला. "रोजचंच होऊन बसेल."

"होऊ दे. आपल्याकडे आता न्हाऊ घालायला कोण राहिलंय?"



संध्याकाळी भिंतीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला आणि बाळानं टाहो फोडला. रुक्मिण ऐकत बसली. यंत्र सुरू करायला ती उठली नाही.