परत मागून बघ

"आता परत मागायला लाव," राजेंद्र म्हणाला.

रुपालीने एंटर दाबलं. प्रोग्रामने रूटचा, म्हणजे सगळ्यात वरचा, अधिकार परत मागितला. मशीनने नकार दिला.

"नाही म्हणालं, पप्पा."

"मग खरंच सोडलाय त्याने. परत मिळाला असता, तर सोडल्याचं नुसतं नाटक."

लोणावळ्याच्या एका रक्तपेढीचा हा सर्व्हर राजेंद्रने उभा केला होता. आसपासच्या दवाखान्यांची रक्ताची मागणी त्याच्या एका पोर्टवर, म्हणजे बाहेरून आत यायच्या एका दारावर, येते. तो पोर्ट फक्त रूटला उघडता येतो. म्हणून क्रम ठरलेला. प्रोग्रामने रूट असताना पोर्ट ताब्यात घ्यायचा. मग रूटचा अधिकार सोडून साधं व्हायचं. पोर्ट उघडाच राहतो. आधीच सोडलं, तर पोर्ट मिळत नाही. कधीच सोडलं नाही, तर एक चूक सगळं बुडवते.

चूक राजेंद्रच्याच हातून झाली होती. गेल्या महिन्यात त्याने चालू सर्व्हर बंद केला आणि कशासाठी केला तेच विसरला. तासभर एकही मागणी आली नाही. कामशेतच्या एका बाळंतिणीला रक्त उशिरा मिळालं. वाचली.

विसरणं वाढत जाणार, डॉक्टर म्हणाले.

"आता माझा नंबर." राजेंद्र खुर्चीतून उठला. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रुपालीने रूटचा पासवर्ड बदलला.

"मी मधूनमधून मागेन. रडेन, शिव्या घालेन. देऊ नकोस."

"आणि दिला तर?"

"तर मी सोडलाच नाही."

सोमवारी. चहा पिता पिता मागितला.
नाही.

गुरुवारी. ताप आल्याचं सोंग करून.
"लय कच्चं सोंग, पप्पा." दोघंही हसले.
नाही.

आज. चपला न काढताच आत आला.

"पासवर्ड द्या."

"नाही."

रुपाली त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, हा सर्व्हर मी उभा केलाय. तुम्ही नवीन दिसता. माझी मुलगी येईल आता, तिला विचारा."

मीच ती, पप्पा. ओठांपर्यंत आलं. पण मुलीकडे तो पुन्हा मागणार. आणि ते पाणी बघून मुलगी देऊन टाकणार.

"मिळणार नाही, सर," ती म्हणाली.