फुगलेलं दार

दारावर काहीतरी खरखरलं, तसा अंथरुणातल्या बोंडूचा हात तलवारीवर गेला.

गुडघ्याएवढ्या माणसांच्या त्या खोऱ्यात आजवर कुठल्याच दाराला कडी नव्हती. मोठ्या माणसांच्या लढाईतून बोंडू काल एकटाच परतला आणि तिकडून आणलेली लोखंडी कडी त्यानं आल्या आल्या दाराला आतून ठोकली. तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला होता.

बाहेर बरेच पाय वाजत होते. श्वास रोखून त्यानं तलवार उपसली.

"दूध घेऊन आले, नेहमीसारखं ढकललं, तर दार हलेना हो," शेजारच्या मोहरीकाकीचा आवाज आला. "लाकूड फुगलंय मेलं."

"फुगणारच. तीन वर्षं घर बंद होतं," सुतारआजोबा म्हणाले. दाराची कड घासणारी त्यांची कानस क्षणभर थांबली. "बोंडू, घाबरू नकोस रे! अडकलायस, पण आम्ही सगळे आहोत. काढतो तुला बाहेर."

बोंडू कितीतरी वेळ त्या कडीकडे बघत राहिला. मग त्यानं तलवार खाटेखाली सरकवली, आवाज न करता कडी काढली आणि दार उघडलं.

निम्मं गाव अंगणात उभं होतं. काकीच्या हातातलं दूध निवून गेलं होतं.

"फुगलं होतं ना रे?"

"हो काकी," तो म्हणाला. "फारच फुगलं होतं."