आभाराचा सोमवार

“आत गेल्यावर ‘राणीसाहेब’ म्हणू नका, म्हणजे मिळवली. सकाळपासून तिघांनी म्हटलंय,” दारावरचा अधिकारी हळूच म्हणाला. “वाकायचं, पदकाबद्दल आभार मानायचे. महाराजांनी मान हलवली की बाहेर. बस्स.”

बोदिलने हो म्हटलं आणि कोटावरचं दीर्घ सेवेचं रुपेरी पदक पुन्हा चाचपलं. कोपनहेगनच्या राजवाड्यातल्या या दालनात आज तीसचाळीस माणसं आभार मानायला बसली होती. पदक मिळालं की सोमवारी येऊन तसं तोंडाने सांगायची रीतच होती. बोदिलचं पदक पानगळीत आलं, राणीच्या सहीच्या पत्रासकट. भेटीची तारीख उजाडेपर्यंत राणीने नव्या वर्षाच्या भाषणात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गादी सोडत असल्याचं सांगून टाकलं. आता आत तिचा मुलगा, नवा राजा होता. आणि बोदिलला जे बोलायचं होतं, ते मुलाशी बोलायचं नव्हतंच.

शेजारी एस्किल नावाचे इतिहासाचे निवृत्त मास्तर बसले होते. आल्यापासून त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

“शाळेच्या नव्या पुस्तकात राणीवर अर्धं पान लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय,” ते म्हणाले. “पन्नासाच्या वर वर्षं राज्य केलं, आणि मला लिहायला मुद्दा सापडेना! लढाई नाही, स्वतःचा असा एक कायदा नाही. मंत्र्यांनी कागद पुढे केला की सही. शेवटी उठून गेली, तेवढंच काय ते आपल्या मनाने केलं.”

“मग तेवढं तरी लिहा,” बोदिल म्हणाली. “खुर्ची सोडवते कुणाला? आमच्या कंपनीचा साहेब ऐंशीव्या वर्षीही टेबलाला चिकटून होता.”

मास्तर हसले. “तुम्ही काय करत होता, बाई?”

“ग्रीनलंडला माल नेणाऱ्या जहाजांवर स्वयंपाक. त्रेचाळीस वर्षं.”

“भर हिवाळ्यातसुद्धा?”

“हिवाळ्यात काय माणसं जेवत नाहीत, मास्तर?”

इथे एकदा बोलून पाहिलं तर आत जीभ अडखळणार नाही, असं बोदिलला वाटलं.

“एकतीस डिसेंबरला राणीचं भाषण असायचं. इकडे संध्याकाळचे सहा, आमच्याकडे दुपार. पातेल्यात कॉड मासा उकळतोय, बाजूला मोहरीचं सार. सगळे गडी रेडिओभोवती. अर्धं भाषण खरखरीतच जायचं. कुणी पत्ते पिसायचा, कुणी डुलक्या काढायचा. पण शेवट आला की सगळे चिडीचूप. शेवटी ती शुभेच्छा द्यायची ना, परदेशातल्या सैनिकांना, त्या रात्री कामावर असलेल्यांना, आणि मग, ‘समुद्रावर असलेल्या सगळ्यांना’. ते कानावर पडल्याशिवाय आमच्यात कुणी ताट पुढे करत नसे.”

“छान रीत,” मास्तर म्हणाले.

“रीत कसली! भूक मेलेली असायची, घर आठवून. एका वर्षी आम्ही बर्फात अडकलो. अकरा दिवस. त्यातच आई गेल्याची तार आली. दफनाला पोचणं शक्यच नव्हतं. मी पातेल्याशी उभी राहून रडत होते, आणि रेडिओवर आलं, ‘समुद्रावर असलेल्या सगळ्यांना’. आमचा मुख्य इंजिनियर, दांडगा गडी, वर्षभरात कुणाशी चार शब्द धड बोलायचा नाही. तो उठून माझ्याजवळ आला. म्हणाला, ‘बोदिल, तुला म्हणाली बघ ती.’ मग मी डोळे पुसले आणि वाढायला घेतलं.”

मास्तर म्हणाले, “ती तुम्हालाच म्हणाली, असं काही नाही.”

“तेच तर! तिला काय ठाऊक? ती बिचारी एका खोलीत बसून कॅमेऱ्याकडे बघून बोलायची. समोर ना जहाज, ना माणूस. दर वर्षी म्हणायची, आणि कुणापर्यंत पोचतंय की नाही, तिला कळायला मार्गच नव्हता. तेवढं सांगायला मी आले होते.”

“मग सांगा की आत.”

“पदकाबद्दलच बोलायचं म्हणतात.”

अधिकाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मास्तरांचं नाव पुकारलं.

मास्तर कोट नीट करत आत गेले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले. कानापर्यंत लाल झाले होते.

“काय म्हणालात?” बोदिलने विचारलं.

“काय म्हणणार? ‘राणीसाहेब’!” मास्तर धपकन खुर्चीत बसले. “इतिहासाचा मास्तर मी! पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या!” त्यांनी चष्मा काढला, तो बराच वेळ पुसत राहिले. “जन्मभर तीच होती हो. दुसरं काही तोंडात येतच नाही. अर्ध्या पानात कसं बसवू, सांगा.”

तेवढ्यात बोदिलचं नाव आलं.

ती आत गेली, वाकली, पदकाबद्दल आभार मानले. शब्द बरोबर आले. समोरची मान हलली.

आता वळायचं होतं. बोदिल वळली नाही. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळलं होतं.

“महाराज, एक निरोप न्याल का?” ती म्हणाली. “आईला सांगा, समुद्रावर ऐकू येत होतं.”