पप्पूचा दाखला

पप्पूनं धम्मपालची कॉलर धरली आणि त्याला पाटाच्या मोरीवरून ओढत नेलं, ते धम्मपालच्या आईनं, रत्नानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ती टोमॅटो खुरपायला आली होती. मोरीच्या कठड्यावर दहावीची पोरं ओळीनं बसली होती. पप्पूनं धम्मपालच्या पाठीत धपाटा घातला, त्याचं दप्तर हिसकावलं.

"चल गं गुड्डे, आज तुझं लगीनच लावतो!"

पोरं खिदळली. "आमाला बी ठेव की थोडा," त्यातला एकजण म्हणाला.

"ह्यो माझा बकरा हाय. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई," पप्पूनं दम दिला आणि धम्मपालला घेऊन उसात शिरला.

त्या वर्षी बोरी बुद्रुकच्या शिवारात बिबट्या फिरत होता. मोठी माणसंसुद्धा एकटी उसात जात नव्हती, पोरं शाळेतून घोळक्यानं घरी येत. धम्मपालला मात्र कुणी घोळक्यात घेत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यानं वर्गातल्या एका मित्राला मनातलं सांगितलं होतं. मला मुली नाही आवडत, मुलगेच आवडतात. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहिलेलं होतं. घरी येऊन त्यानं रडत रडत आईलाही सांगितलं. रत्नाला सगळं उमगलं नाही, पण तिनं त्याला पोटाशी धरलं. "जसा हाईस तसा माज्या पोटचा हाईस," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर तो कधी ओठ फुटून, कधी शर्ट फाटून घरी यायचा. संक्रांतीनंतर ते थांबलं. पण तो गप्प झाला. विचारलं की नुसता जमिनीकडे बघायचा. रत्नाला त्या गप्पपणाची जास्त धास्ती वाटायची. त्याचं कारण आज तिला कळलं होतं.

खुरपं तसंच हातात घेऊन ती बांधाबांधानं पळाली. उसाच्या पलीकडं धम्मपाल एकटाच उभा होता. दप्तर खांद्याला, शर्ट नीट खोचलेला.

"कुठं मारलं त्यानं?"

"कुठं न्हाई."

"मंग उसात कशाला नेलं?"

"आई, तू परत हिकडं येऊ नको," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी रत्ना त्याला घेऊन शाळेत गेली. हेडसर भला माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मूल कसं का असेना, बाई, माझ्या शाळेत त्याचे हाल होऊ देणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पप्पूला बोलावणं धाडलं.

पप्पू आला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या भागूचा हा पोरगा एकदा नापास झालेला, अंगानं दांडगा, ओठावर मिसरूड. बातमी वर्गावर्गात पोचली होती. ऑफिसच्या खिडकीला दहावीची पोरं मधमाश्यांसारखी लोंबकळली होती.

"तू मारतोस याला?" हेडसरांनी विचारलं.

पप्पूनं खिडकीकडे बघितलं. "मारतो."

"का?"

"बायल्या हाय म्हणून."

"परत हात लावशील?"

"रोज मारीन."

खिडकीत हशा उठला. धम्मपाल एकदम पुढं झाला. "सर, त्याला काढू नका. पाया पडतो तुमच्या."

त्याचा आवाज थरथरत होता. किती भेदरवून ठेवलंय माझ्या लेकराला, असं रत्नाच्या मनात आलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला. "सर, ह्यो हितं राहिला तर माझं पोरगं जगायचं न्हाई."

हेडसरांनी त्याच दिवशी पप्पूचा दाखला काढला. बाहेर पडताना तो दारात थबकला. धम्मपालकडं त्यानं पाहिलंच नाही, रत्नाकडं पाहिलं. तिनं लेकाला आपल्या मागं ओढलं.

सकाळी धम्मपाल दप्तर घेऊन उंबऱ्यात घुटमळला.

"आज न्हाई गेलो तर?"

"येडा का काय! आता कुणाला भ्यायचं?" रत्ना हसून म्हणाली. किती तरी दिवसांनी हसली. "जा. यिस्तवर शेंगोळी करून ठिवते."

तो गेला. वळणावर एकदा मागं वळून त्यानं बघितलं.

शाळा सुटली. पोरांचा घोळका गलका करत दारावरून गेला. मागून बारकी पोरं गेली. शेंगोळीचं पातेलं चुलीवरून उतरवून रत्ना दारात आली, तर समोर पप्पू.

पायात चप्पल नव्हती. पोटऱ्या चिखलानं भरलेल्या, धाप लागलेली. रत्नानं कोपऱ्यातली काठी उचलली.

"भाड्या, घरापत्तुर आलास? हो भाईर!"

तो हलला नाही. तिच्या खांद्यावरून तो घरात बघत होता.

"मावशी, धम्मा आला का?"

"तुला काय करायचं हाय? अजून पोट न्हाई भरलं तुझं?"

"मोरीवर आज त्या पोरांतलं बी कुणीच न्हाई. पाटाच्या कडंनी बघून आलो, रस्त्यानं बी तो दिसला न्हाई." पप्पूनं दाराची चौकट धरली. "मी मारल्यावानी करत व्हतो तवर त्याला दुसऱ्या कुणी हात लावत नव्हतं, मावशी. आज त्याच्यासंगं कोण व्हतं?"