चेअरमनचा पाण्याचा फोटो

"थेंब न थेंब चमकला पायजे बे, न्हाईतर तुह्या फ्लॅशचा उपेग काय?" सोसायटीचे चेअरमन सुंदरराव मह्यावर वरडले. हापिसात काळा पडदा लावून, कडक इस्त्रीत, दुष्काळात पाणी वाटल्याचा फोटो काढाया ते गावातल्या छबुकाकूच्या ओंजळीत पाणी वतीत होते.

मी म्हणलं, "अण्णा, आठ येळा वतलं. हंडा काकूचा हाय, चार दिसांनी भरलाय."

"गावासाठीच चाललंय की," म्हणून त्यांनी उरलेलंबी वतलं. फोटो लई भारी आला, उडतं पाणी फ्लॅशनं हवेतच थांबलं. चेअरमननी खुशीत त्योच फोटो टँकरच्या अर्जाला जोडला.

आज तहसीलातून अर्ज माघारी आला. वर शेरा, "गावात पाणी मुबलक दिसते. टँकर नामंजूर."

सुंदरराव म्हणतेत, तुही फ्लॅशच जादा झाली. निघतो मी आता, शेजारच्या पाली गावाहून पाणी आणायचंय.