समोरासमोरच्या खोल्या

छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तात्या, वजन घटतंय. क्षयाची औषधं अशा अंगाला झेपायची नाहीत. पोटभर जेवा."

समोरच्या खोलीतले मधुमेहाचे डॉक्टर म्हणाले, "पोटभर? साखर कुठे गेलीय बघितलंत का? अर्धपोटी उठत चला."

तात्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. ते भीत भीत बाईंकडे परतले.

"त्यांना म्हणावं, माणूस राहिला तर साखर मोजाल."

तात्यांनी मास्क सावरत निरोप पोचवला.

"त्यांना म्हणावं, कधीतरी दुसऱ्याचंही ऐकून घ्या."

"आधी स्वतः ऐका म्हणावं."

या खेपेला तात्यांना धाप लागली. दाराची चौकट धरून ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचं काय ते तुम्ही बघा. मी आज जेवू की नको, एवढंच सांगा."

डॉक्टर वरमले. "जेवा तात्या, पोटभर जेवा. मी इन्शुलिन वाढवून देतो, साखर सांभाळता येईल."

तात्या हुश्श करून वळले, तसे डॉक्टर हळूच म्हणाले, "जाता जाता बाईंना सांगा, तुमचंच खरं. आणि तेवढं विचारा, मी आज जेवायला घरी येऊ का."