उद्याही लांडगाच

तलवाड्याच्या माळावर लांडगीच्या बिळात धूर करून तिला पिलांसकट मारल्याचं सकाळी कळलं. शाळेत पोरं तेच बोलत होती. धूर कुणी केला हे लपलेलं नव्हतं. गहिनीनाथनं पारावर स्वतःच सांगितलं होतं. त्याचं कोकरू लांडग्यानं नेलं होतं.

परिपाठ संपतो न संपतो तोच तो काठी घेऊन शाळेत आला. अंगद गुरुजी मोबाइलच्या कॅमेऱ्यात रानातली जनावरं खरीखुरी असल्यासारखी पोरांसमोर उभी करतात, ती का जगली पाहिजेत ते सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बजावलं की मोर दाखवा, काळवीट दाखवा, पण लांडगा काढून टाका. नाहीतर पोरगी उद्यापासून शाळेत येणार नाही.

"आन् नर बी जाईल आता निघून," तो म्हणाला. "मादीच न्हाई म्हणल्यावर थांबतोय कावून?"

"थांबतो," गुरुजी म्हणाले.

"तुमाला काय म्हाईत?"

गुरुजींची बायको बबिता उन्हाळ्यात वारली होती. गहिनीनाथ तिच्या मातीला आला होता. बोलून गेल्यावर त्यानं मान खाली घातली.

गुरुजींनी मोबाइल काढून मैदानाकडं धरला. पडद्यावर तेच मैदान, तोच हापसा, आणि हापशाजवळ लांडगी. पोरांनी सवयीनं आरोळी ठोकली आणि दगड उचलले. मेंढरांमागं वाढलेली पोरं. गुरुजींनी दगड खाली टाकायला लावले आणि मोबाइल गहिनीनाथच्या हातात दिला.

त्याची पोरगी सुकन्या हापशाकडं चालत गेली. इकडं सरक, तिकडं सरक, असं पोरं तिला सांगत होती. तिनं हवेत हात ठेवला. पडद्यावर तो लांडगीच्या पाठीवर होता.

लांडगीनं तोंड वळवलं.

गहिनीनाथ धावला. एका हातात मोबाइल तसाच, दुसऱ्या हातातली काठी त्यानं लांडगीवर हाणली. काठी मातीत बसली. धूळ उडाली. लांडगी उभीच होती. पोरं हसली. सुकन्या हसली नाही.

"आप्पा, तिला तर मारलं की तुमी," ती म्हणाली. "आता कुणाला मारताव?"

गहिनीनाथनं मोबाइल परत दिला. उद्या काय दाखवणार, एवढंच विचारलं.

"लांडगाच," गुरुजी म्हणाले. "परवा बी."

आणि त्याच्यासमोरच त्यांनी वनखात्याच्या गार्डला फोन लावला. माळ सांगितला, बीळ सांगितलं, आत लांडगी आणि पिलं मरून पडलीत तेही सांगितलं. कुणी केलं, असं पलीकडून विचारलं. सुकन्या बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

नाव सांगायचं राहिलं होतं.